आधी छत, मग दात?

बेघरांच्या दातांचा विषय कुणी काढला की त्याला एक ठरलेले उत्तर मिळते. आधी त्यांच्या डोक्यावर छत येऊ द्या, दोन वेळचे जेवण मिळू द्या, दातांचे मग बघू. हे उत्तर देणारी माणसे निर्दय नसतात. थंडीत स्टेशनबाहेर ब्लँकेट वाटणारे, अन्नछत्राला धान्य पाठवणारे, महापालिकेत बेघरांची फाइल पुढे सरकवणारे असे हेच लोक असतात, आणि म्हणून त्यांचे म्हणणे खोडून काढायला जीभ धजत नाही. त्यांच्या मनात गरजांची एक यादी असते. अन्न, वस्त्र, निवारा वर. दात तळाशी, चष्म्याच्या आणि श्रवणयंत्राच्या शेजारी कुठेतरी. माझे म्हणणे असे की बेघर माणसापुरती ही यादी उलटी लागली आहे. त्याचे तोंड दुरुस्त झाल्याखेरीज पानात पडलेले अन्न त्याच्या अंगी लागत नाही आणि चालून आलेली मजुरी टिकत नाही. आणि जळगाव-धुळ्यापुरते बोलायचे तर या दुरुस्तीला लागणाऱ्या खुर्च्या, डॉक्टर आणि नियम बऱ्याच अंशी आधीच हजर आहेत. त्यांची वेळ आणि कागदपत्रे मात्र घर असलेल्या माणसाच्या सोयीने ठरली आहेत.

२०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे १७ लाख ७० हजार; त्यांत महाराष्ट्रातले दोन लाखांहून अधिक. पुलाखाली, फलाटावर आणि बंद दुकानांच्या ओट्यावर एका रात्रीत केलेली ही मोजणी कमीच भरणार, आणि २०२१ची जनगणना वेळेवर न झाल्यामुळे इतकी वर्षे धोरणाचा हिशेब याच आकड्यावर चालत आला. खानदेशात बेघर कोण असतो हे मात्र जनगणनेशिवायही दिसते. भुसावळसारखे मोठे जंक्शन कुठली कुठली माणसे आणून सोडते. जळगावच्या डाळमिला, चटईचे कारखाने आणि केळीच्या गाड्या भरण्याचे काम हंगामी मजूर ओढते. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. सातपुड्यातून उतरलेली पावरा-भिल्ल कुटुंबे काम असेपर्यंत पालात राहतात. याशिवाय मुलांनी घराबाहेर काढलेले म्हातारे आहेत, हरवलेले मनोरुग्ण आहेत. २०१३च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याचे प्रमाण घालून दिले. २०११ची लोकसंख्या धरली तर ४ लाख ६० हजारांच्या जळगावला साडेचारशेच्या वर आणि पावणेचार लाखांच्या धुळ्याला पावणेचारशे जागा लागतात. निवारा आरोग्यसेवेशी जोडावा, हेही याच अभियानात अपेक्षित होते. म्हणजे छत आणि दात यांतले एक आधी, एक नंतर असा क्रम कागदावरदेखील नाही. छताची योजना राबवणाऱ्यांनीच तो मनाने घातला.

आता दात आणि अन्न. खानदेशात दानाचे जेवण म्हणजे बहुधा भाकरी, वरण किंवा भाजी. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, तीही बऱ्याचदा सकाळी थापलेली आणि दुपारी वाटलेली. थंड झालेली भाकरी चघळायला दाढा लागतात. वरच्या-खालच्या दाढा समोरासमोर उरल्या नसतील तर माणूस काठ काढून टाकतो, मधला भाग वरणात कुस्करतो आणि न चावता गिळतो. शेंगदाणे, चणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, काकडी, पेरू असे स्वस्तात पोषण देणारे पदार्थ त्याच्या यादीतून जातात. उरतो चहा आणि त्यात बुडवलेले बिस्किट. तेच गोड, चिकट खाणे दिवसातून पाच-सहा वेळा, आणि मध्ये चूळ भरायला नळ नाही. म्हणजे उरलेल्या दातांनाही कीड लागायची सोय. अन्न वाटणाऱ्याने किती ताटे वाढली हे मोजले जाते, किती पोटात गेली हे मोजले जात नाही. मजुरीचेही तसेच. दाढ रात्री ठणकते, कारण आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो; मग रात्रभर जागलेला माणूस पहाटे मजूर अड्ड्यावर पोचत नाही, पोचला तर गोणी उचलताना हबकतो. त्याच्याजवळ वेदनेवरचे इलाज तीनच: मेडिकलवरची दोन रुपयांची गोळी, दाढेत दाबलेली तंबाखू, आणि दारू. हे फक्त आपल्याकडचे आहे असे नाही. लंडनमध्ये ग्राउंडस्वेल या संस्थेने २०१७ साली २६२ बेघरांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात बेघर झाल्यापासून दात गमावलेले ७० टक्के होते, दुखण्यावर दारू घेणारे २७ टक्के, आणि स्वतःच्या हाताने दात उपटणारे १५ टक्के. जिथे राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे त्या शहरातली ही अवस्था आहे. दारू सोडली तर निवाऱ्यात घेऊ म्हणणाऱ्या व्यवस्थापकाने दारूमागे दाढ आहे का, हे एकदा तोंड उघडायला लावून बघावे.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. सरकारी दवाखाना मोफत आहे, जिल्हा पातळीवर दंतविभाग आहे, मग त्यांना अडवले कुणी? खरे आहे, २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या दवाखान्यांत दातांची खुर्ची, साहित्य आणि कंत्राटी दंतवैद्य यांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पण अडवणारा दारात उभा असावा लागतो असे नाही. सरकारी ओपीडीची वेळ सकाळची. मजूर अड्डाही सकाळीच भरतो. दाढ दाखवायला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची, आणि तीही एका दिवसाची नव्हे. गालावर सूज असेल तर बऱ्याचदा पहिल्या दिवशी दाढ काढत नाहीत. प्रतिजैविकाच्या गोळ्या देतात आणि सूज उतरली की या म्हणतात. मग वय जास्त असेल तर रक्तदाब आणि साखर तपासून आणा. मग एक्स-रे. मग केसपेपर पुन्हा काढा. गोळ्यांनी तीन दिवसांत सूज उतरते, दुखणे थांबते आणि माणूस परत जात नाही. मूळ तसेच राहते, महिन्याभराने पुन्हा सुजते. अशीच एखादी सूज जबड्याखाली उतरून श्वास कोंडते आणि मग त्याला रात्री रुग्णवाहिकेत घालून आणावे लागते. शिवाय या खेपा घालताना गाठोडे कुठे ठेवायचे हा प्रश्न आहेच, ज्याची कल्पना घर असलेल्याला येत नाही. केसपेपरवर पत्ता आणि मोबाइल नंबर विचारतात, आणि खिडकीतल्या माणसाला रिकाम्या रकान्याचे काय करायचे ते कुणी सांगितलेले नसते.

दाढ काढल्यावरच्या सूचनाही ऐकण्यासारख्या आहेत. अर्धा तास कापूस दाबून धरा. आज चूळ भरू नका, थुंकू नका. तंबाखू अजिबात नको. गार आणि मऊ खा. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार वेळा गुळण्या करा. यातली एकही सूचना चुकीची नाही, पण फुटपाथवर राहणाऱ्याला यातल्या बऱ्याच पाळता येत नाहीत. कोमट पाणी मागायला तो कुणाच्या दारात जाणार? ज्या निवाऱ्यात एक गॅसची शेगडी आणि मिठाची बरणी आहे, तिथे मात्र हे सगळे जमते. म्हणून दातांचा उपचार निवाऱ्याशी बांधला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

मोफतपणातही एक फट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने आपल्या रुग्णालयांत सर्व उपचार निःशुल्क केले, पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या खात्याकडे आहेत. जळगावचे सिव्हिल रुग्णालय २०१८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले. धुळ्यात भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय वेगळे आणि जिल्हा रुग्णालय वेगळे. कुठल्या इमारतीत कुठल्या खात्याचा नियम चालतो हे शिकल्यासवरल्या माणसाला नीट सांगता येत नाही, तिथे चौकातल्या ओट्यावर झोपणाऱ्याने ते ओळखायचे! महात्मा फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच. तिच्या आधीच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेची सुरुवात जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाली त्यांत धुळे होता. ही योजना रुग्णालयात दाखल करून करायच्या ठरावीक उपचारांची. ओपीडीत काढायच्या दाढेची नव्हे. तोंडाचा कर्करोग झाला की सरकार लाखोंचे बिल भरायला तयार असते, त्याआधीची वर्षानुवर्षे गाल कापणारी टोकदार तुटकी दाढ घासून द्यायला मात्र कुठले कलम नसते.

कर्करोगाचा उल्लेख झाला की तिसरा आक्षेप येतो, आणि तो रागाने येतो. तंबाखू खातात, मावा चघळतात, बायका मशेरी लावतात. मग दातांची माती झाली तर समाजाने का निस्तरायचे? न्याय करायचा तर सगळ्यांचा करू. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात, त्यांतले बहुतेक धूरविरहित. म्हणजे चारातला एक. त्यांत दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, पोलीस आहेत, आणि त्यांच्या दाढा भरताना कुणी चारित्र्याचा दाखला मागत नाही. राज्याने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. टपरीवर काय मिळते हे जळगाव-धुळ्यातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. बंदी न राबवणाऱ्या व्यवस्थेने पुडी खाणाऱ्याला उपदेश करावा, यात काही शोभा नाही. शिवाय तंबाखू हाच युक्तिवाद असेल तर तो माझ्या बाजूचा आहे. भारतात दरवर्षी तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांच्या वर नवे रुग्ण निघतात, आणि हा असा कर्करोग आहे की तो दिसायला यंत्र लागत नाही. विजेरी लागते, आणि तोंड उघडायला सांगणारा माणूस. केरळात तिरुवनंतपुरमजवळ सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर झालेल्या चाचणीत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन फक्त डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू वा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. पंधरा वर्षांचा पाठपुरावा केल्यावरही ही घट २४ टक्के टिकली. फायदा व्यसन असलेल्यांनाच झाला, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. घरोघर जाणारी तपासणी ज्यांना घरच नाही त्यांच्याकडे कधी पोचत नाही. तिखट लागायला लागले, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेनासे झाले, गालाला पांढरा चट्टा आला, ही लक्षणे निवाऱ्यातली आशा कार्यकर्ती पाच मिनिटांत पाहू शकते. नाही पाहिली तर पुढचा रस्ता मुंबईच्या गाडीचा. परळला टाटा रुग्णालयाभोवतालच्या फुटपाथवर महिनोन्महिने पडून राहणाऱ्या रुग्णांना आणि नातेवाइकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा पुऱ्या पडत नाहीत. शेत विकून उपचाराला गेलेला माणूस परत येताना बेघर होऊन येतो, हा क्रम ‘आधी छत’वाल्यांच्या हिशेबात कुठे बसतो?

यावर कुणी म्हणेल, दंत तपासणी शिबिरे होतातच की. होतात. बॅनर लागतो, रांग लागते, आरशाने तोंड पाहिले जाते, चिठ्ठीवर ‘दाढ काढणे आवश्यक’ लिहिले जाते आणि हातात टूथपेस्टची छोटी ट्यूब पडते. ट्यूब वाईट नाही. फ्लोराइडची पेस्ट ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलेली वस्तू आहे. पण ज्याला आपल्या दाढेत कीड आहे हे रात्रंदिवस ठाऊक आहे त्याला ते चिठ्ठीवर लिहून देण्यात काय मिळवले? उपचाराविना निदान, हे शिबिराचे दुखणे आहे, आणि दातांच्या बाबतीत ते सगळ्यात जास्त बोचते. शिबिरांचे श्रेय मी नाकारत नाही, त्यांची मोजणी नाकारतो. अहवालात ‘तपासलेले रुग्ण’ हा रकाना असतो. ‘त्याच दिवशी वेदनामुक्त झालेले’ हा रकाना ज्या दिवशी येईल त्या दिवशी शिबिरे आपोआप सुधारतील. (आमच्या आजोबांचे दात कडुनिंबाच्या काडीने शाबूत होते, असे सांगणारे एक गृहस्थ अशा प्रत्येक शिबिराच्या व्यासपीठावर असतात. आजोबा दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा पीत नव्हते, एवढेच त्यांना सांगावे.)

खर्चाचा आणि सातत्याचा आक्षेप एकत्र घेतो, कारण त्यांचे उत्तर एकच आहे. ही माणसे आज जळगावात, उद्या नाशकात. रूट कॅनालच्या चार बैठका त्यांच्या कशा होणार? होणार नाहीत. म्हणून एका बैठकीत संपणारे उपचार निवडायचे. तसे उपचार आहेत. किडलेला भाग हाताच्या अवजाराने खरवडून काढायचा आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचे, ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात निघाली, आणि ती निघालीच वीज आणि ड्रिल नसलेल्या ठिकाणांसाठी. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला की कीड बऱ्याचदा जागच्या जागी थांबते. दात तेवढा काळा पडतो, आणि ते आधी सांगून त्याची संमती घ्यावी लागते. सिमेंट आणि हा थेंब दोन्ही त्याच २०२१च्या अत्यावश्यक यादीत आहेत. वाचण्यापलीकडची दाढ भूल देऊन काढणे, टोकदार कडा घासणे, साठलेले कीटण काढणे, यांतल्या कशालाही वातानुकूलित दालन लागत नाही. निर्जंतुक अवजारे मात्र लागतात, त्यात तडजोड नको. एक गोष्ट मान्य करतो: कवळी या हिशेबात बसत नाही. तिला मापे, मेणाचा साचा, दुरुस्ती अशा पाच-सहा खेपा लागतात, आणि ती उशाशी ठेवून झोपणाऱ्याची हरवते. तिथे निवाऱ्यात स्थिर झालेला माणूसच पात्र ठरेल. छताचा मुद्दा एवढ्यापुरता खरा आहे. कवळीपुरता.

माणसे कुठून आणायची? धुळ्यात ए.सी.पी.एम. दंत महाविद्यालय आहे. जळगावसाठी २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या वैद्यकीय संकुलात दंत महाविद्यालयाचाही समावेश आहे. बीडीएसच्या विद्यार्थ्याला शेवटच्या आंतरवासिता वर्षात तीन महिने सामुदायिक दंतशास्त्रात आणि ग्रामीण सेवेत काढावे लागतात, असे दंत परिषदेच्या २००७च्या नियमावलीतच आहे. हे तीन महिने शाळांतून ब्रश कसा फिरवावा हे दाखवण्यात बऱ्यापैकी जातात. त्यांतल्या आठवड्याच्या दोन संध्याकाळी निवाऱ्यात गेल्या तर? यावर खरोखर वजनदार आक्षेप एकच आहे, आणि तो घेतला जात नाही: गरिबाच्या तोंडावर शिकाऊ हात चालवायचे का? मुलांना काढायला दाढा मिळाव्यात म्हणून निवारे भरले जातील, ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणजे अनुभवी अध्यापक जागेवर असल्याशिवाय सुई टोचायची नाही, वाचणारा दात काढायचा नाही, आणि नकार देणाऱ्याला त्या रात्रीच्या जेवणाची वा जागेची धमकी द्यायची नाही. या अटी लेखी असाव्यात. त्या पाळता येत नसतील तर ही योजना नसलेली बरी.

सोयी वाढल्या की बाहेरचे बेघर इथे येतील, असेही एक भय बोलून दाखवले जाते. दाढ काढून मिळते म्हणून कुणी इंदूरहून धुळ्याला राहायला येत नाही.

तेव्हा मागणी लहान आहे. दोन्ही महापालिकांनी आपल्या प्रत्येक निवारा केंद्रासाठी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ ठरवून दंतवैद्य आणावा. केसपेपरवर निवाऱ्याचा पत्ता चालेल, आधार कार्ड नसले तरी चालेल, असा लेखी आदेश रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर लावावा. दाढ काढलेल्याला तीन दिवस निवाऱ्यात गाठोड्यासकट राहू द्यावे, मऊ भात आणि कोमट मिठाचे पाणी द्यावे. दर महिन्याला निवाऱ्यात आणि स्टेशनाबाहेर विजेरीने तोंडे पाहावीत, आणि संशयास्पद चट्टा दिसलेल्याला नुसती चिठ्ठी न देता सोबत माणूस देऊन पाठवावे. खानदेशातल्या खासगी दंतवैद्यांनी वर्षातून एका शिबिराऐवजी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. यासाठी आयुक्तांनी महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना एक पत्र लिहायचे आहे, आणि त्या पत्रासाठी मंत्रालयातून निधी येण्याची वाट पाहावी लागत नाही.